टोळीतला हुद्दा आणि रक्तातलं कोलेस्टेरॉल

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट बिघडला की डॉक्टर तेलातुपाची चौकशी करतात. साहेबाशी पटतं का, हे सहसा विचारत नाहीत. केनियातल्या मसाई मारातल्या बबून माकडांच्या बाबतीत मात्र नेमका तोच प्रश्न विचारला गेला.

संशोधक रॉबर्ट सापोल्स्की १९७८पासून या माकडांच्या मागावर होते. फुंकनळीतून भुलीची सुई मारायची, तीही माकडाची पाठ असताना. वेळ ठरलेली. त्या दिवशी नराची मारामारी झालेली नको, समागम नको, दुखापत नको. आणि तो आडवा झाला की लगेच रक्त काढायचं. एवढं सोवळं कशाला? कारण कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक काही मिनिटांतच चढतं. उशीर झाला तर मोजली जाते ती सुईची धास्ती, माकडाचं रोजचं जगणं नव्हे.

चरबी रक्तात विरघळत नाही, म्हणून शरीर ती प्रथिनांच्या वेष्टनात घालून फिरवतं. एलडीएल कोलेस्टेरॉल पेशींकडे नेतं, एचडीएल जादाचं यकृताकडे परत आणतं. एचडीएलचं मुख्य प्रथिन म्हणजे अपो ए-१. सापोल्स्की आणि ग्लेन मॉट यांनी १९८७मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, टोळीत खालच्या पायरीवर असलेल्या नरांमध्ये एचडीएल कोलेस्टेरॉल आणि हे प्रथिन दोन्ही कमी आढळली. एलडीएलमध्ये तसा फरक नव्हता. खाणं तर सगळ्यांचं त्याच रानातलं : गवत, कंद, फळं. वरचढ नरांच्या दहशतीखाली जगणाऱ्यांचं कॉर्टिसॉल सतत चढं राहतं, आणि संशयाची सुई तिकडेच वळली.

आहार निर्दोष आहे, असं मात्र नाही. केनियातच अंबोसेली इथे एक टोळी पर्यटकांच्या लॉजमागच्या उकिरड्यावर पोसली गेली. आयतं अन्न, चालणं कमी. तिथल्या प्रौढ माद्यांच्या अंगात सुमारे २३ टक्के चरबी भरली. रानात पोट भरणाऱ्यांमध्ये ती जेमतेम २ टक्के होती. उकिरड्यावरच्या माकडांचं इन्सुलिन आणि कोलेस्टेरॉलही जास्त निघालं.

१९८७मध्ये हृदयाचा राखणदार म्हणून एचडीएलचा दबदबा मोठा होता. पुढे ते वाढवणारं टॉर्सेट्रॅपिब हे औषध आलं. एचडीएल खरोखरच वाढलं, पण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यूही वाढले आणि २००६मध्ये चाचणी थांबवावी लागली. त्यामुळे दबून राहणाऱ्या बबूनच्या रक्तातलं कमी एचडीएल हृदयविकाराला थेट कारण ठरतं, की ताणाची नुसती खूण असतं, हे त्या नमुन्यांवरून सांगता येत नाही.