सँ-त्रोपे : एका दिवसाची सहल

फ्रान्सच्या भूमध्य किनाऱ्यावरचं हे आलिशान नौकांचं बंदर. गोरेगावहून (जि. हिंगोली) युरोपच्या गटसहलीला निघालेल्या प्रवाशाला इथे भारताचा धागा सापडतो.

लाहोरचा जनरल : जाँ-फ्रांस्वा आलार याचा जन्म १७८५ साली याच गावात झाला. नेपोलियनच्या फौजेतला हा अधिकारी पुढे महाराजा रणजितसिंहांच्या सैन्यात जनरल झाला. १८३९ मध्ये पेशावरला त्याचं निधन झालं. त्याची पत्नी, चंब्याची बन्नू पान देई, मात्र अखेरपर्यंत सँ-त्रोपेतच राहिली. या तिघांचे अर्धपुतळे २०१६ पासून इथल्या बागेत आहेत.

पोहोचायचं कसं? गावात रेल्वे येत नाही. जवळचं मोठं स्थानक सँ-राफाएल. तिथून हंगामात बोटीने सुमारे तासाभरात पोहोचता येतं. उन्हाळ्यात रस्त्यावर वाहनांच्या रांगा लागतात, म्हणून बसने जाणाऱ्या गटाने भल्या सकाळी निघालेलं बरं.

काय पाहाल? मंगळवारी आणि शनिवारी सकाळी प्लास दे लिस चौकात बाजार भरतो. चित्रकार पॉल सिन्याक १८९२ मध्ये इथे आला आणि त्याच्यामागोमाग इतर चित्रकारही आले. त्यांची चित्रं धक्क्याजवळच्या लानोंसियाद संग्रहालयात आहेत. सोळाव्या शतकातल्या चॅपेलमध्ये १९५५ साली सुरू झालेलं हे संग्रहालय चुकवू नये.

व्हिसा : शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. पहिल्या अर्जावेळी बोटांचे ठसे द्यायला केंद्रावर स्वतः जावं लागतं.