माथा राहिला, पण...

भाकरी-ठेचा बांधून आम्ही मुलांसह पांढरकवड्याजवळची सागवानी टेकडी चढत होतो. टिपेश्वर अभयारण्यात पायी फिरता येत नाही, म्हणून ही बाहेरची. वाटेत रोह्यांचा कळप आडवा गेला, मुले हरखली. माथ्याच्या अलीकडे, ओल्या मातीत बशीएवढा पंजा! ताजाच.

"बाबा, अजून वर जायचं?" थोरलीने विचारले.

वाचकहो, २०१९ साली टिपेश्वरचाच एक तरुण वाघ शेते, नाले, रस्ते ओलांडत १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत पोचला होता. तेव्हा अभयारण्याची हद्द आपल्याला ठाऊक, वाघाला नाही. आणि २०१८ मध्ये अवनी वाघीण मारली जाईपर्यंत इथली माणसे शेतात जायला भीत, हेही आठवले. धाकट्याला मध्ये घेऊन, मोठमोठ्याने बोलत खाली उतरलो. भाकरी बसस्टँडवर खाल्ली.