डबा शाबूत, दही मोडलेलं

पोर डोक्यावर आपटलं की घरातलं कुणीतरी आधी टेंगूळ चाचपतं. ते हाताला लागलं की म्हणतं, "मार बाहेर आला, आता काळजी नाही." पण टेंगूळ हे कवटीवरच्या कातडीचं दुखणं. आत काय झालं, ते त्यावरून कळत नाही.

विरजण लावलेल्या डब्याला हिसका बसला, तर डब्याला पोचाही पडत नाही, आतलं दही मात्र मोडतं. कवटीतल्या द्रवात तरंगणाऱ्या मऊ मेंदूचं असंच होतं. हिसक्याने तो हलतो, पिळवटतो. पेशींचे तंतू ताणले जातात आणि काही काळ त्यांचं काम विस्कळीत होतं. हेच कन्कशन, मेंदूला बसलेला मुका मार. सीटी स्कॅन बहुधा स्वच्छ येतो आणि बहुतेकांची शुद्धही हरपत नाही.

हिसका डोक्यावरच बसायला हवा असंही नाही. ऑगस्ट २०१९मध्ये लॉर्ड्सवरच्या कसोटीत इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर आदळला. तो ८० धावांवर होता. तपासणीत काही आढळलं नाही, म्हणून तो परत आला आणि ९२वर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र डोकं दुखू लागलं, सुस्ती आली. त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. कसोटीतला हा पहिला कन्कशन बदली खेळाडू. अशा बदलीचा आयसीसीचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता.

लक्षणं अशी उशिरा येऊ शकतात. म्हणूनच "बरा आहे, खेळतो" हे मार लागलेल्याचं म्हणणं प्रमाण मानू नये. डोकेदुखी, मळमळ, गरगरणं, उजेड सहन न होणं, तोच प्रश्न पुन्हापुन्हा विचारणं, यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी खेळ बंद. पहिला मार भरून येण्याआधी दुसरा बसला, तर तो जिवावर बेतू शकतो. दोन दिवस विश्रांती, मोबाइल कमी, मग हळूहळू शाळा आणि डॉक्टरांच्या संमतीनंतर खेळ. पहिला दिवस सोबत कुणी हवंच. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, हातापायांत अशक्तपणा, बाहुल्या लहानमोठ्या दिसणं किंवा उठवूनही न उठणं, असं झालं तर तडक रुग्णालय. रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या आजीआजोबांना लक्षणांची वाट न पाहता न्यावं.

हेल्मेट कवटी वाचवतं. आतला हिसका ते कमी करतं, पुरता थांबवत नाही. तरीही दुचाकीवर आयएसआय खुणेचं हेल्मेट पट्टा आवळून घालावं, मागे बसणाऱ्यानेही. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी बदलावं. न्हाणीघरात धरायला दांडी आणि पायाखाली न घसरणारी फरशी हवी. दहीहंडीत गोविंदा वरच्या थरावर चढण्याआधी डोक्यावर हेल्मेट असावं.

आणि कुणी पडलंच, तर टेंगूळ चाचपून झाल्यावर एवढं विचारा: "आत्ता आपण कुठे आहोत? शेवटची धाव कुणी काढली?" उत्तर अडखळलं, तर डाव तिथेच थांबवा. उत्तर बरोबर आलं, तरी त्या दिवसापुरता बाहेर बसवा.