नाव, नोंद आणि नागरिकत्व : गोव्याचे उदाहरण



प्रशासकीय भाषेचा विचार करताना आपल्यासमोर बहुधा अर्ज आणि परिपत्रके येतात. परंतु जन्मदाखल्यातील एका नावाचे लेखनही माणसाच्या नागरिकत्वाशी निगडित असू शकते. गोव्यातील अनेक कुटुंबांत आईवडिलांच्या जन्मनोंदीच्या आधारे पोर्तुगीज पारपत्र मिळवण्याचा विचार होतो. आपल्यापैकी काहींच्या घरीही हा विषय निघाला असेल. म्हणून त्यातील तीन शब्दांचे अर्थ आपण नीट समजून घेऊ.

१. पार्श्वभूमी

नागरिकत्व मुख्यतः दोन तत्त्वांवर ठरते : जन्मस्थान आणि वंश. गोव्याच्या बाबतीत ही दोन्ही तत्त्वे एकत्र येतात. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. भारत सरकारच्या १९६२ च्या आदेशानुसार, जे स्वतः किंवा ज्यांच्या आईवडिलांपैकी वा आजीआजोबांपैकी कोणी २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा, दमण व दीव येथे जन्मले होते, ते भारताचे नागरिक मानले गेले. आपले पूर्वीचे नागरिकत्व राखण्याची इच्छा मुदतीत लेखी कळवणारे तेवढे अपवाद होते. पोर्तुगालने या प्रदेशावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य करणारा करार ३१ डिसेंबर १९७४ रोजी केला. तथापि मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांचा पोर्तुगीज राष्ट्रीयत्वावरील हक्क पोर्तुगालने पुढेही मान्य केला. १९८१ च्या पोर्तुगीज राष्ट्रीयत्व कायद्याप्रमाणे पोर्तुगीज आईचे किंवा वडिलांचे परदेशात जन्मलेले अपत्य आपला जन्म तेथे नोंदवून राष्ट्रीयत्वावर हक्क सांगू शकते.

२. वंशाची साखळी, नावांची साखळी

हा हक्क वंशाचा असला, तरी तो सिद्ध होतो कागदावरील नावांनी. प्रथम वडिलांची गोव्यातील जन्मनोंद लिस्बनच्या केंद्रीय नोंदणी कार्यालयात उतरवली जाते. सामान्यतः आईवडिलांच्या विवाहाचीही नोंद होते आणि त्यानंतर अपत्याची. या प्रत्येक टप्प्यावर नाव जुळावे लागते, आणि भाषेचा प्रश्न येथेच उभा राहतो.

पोर्तुगीज लेखनात ‘श’ हा ध्वनी बहुधा रोमन ‘एक्स’ या अक्षराने दाखवतात. ‘क’ साठी ‘के’ हे अक्षर टाळून ‘सी’ किंवा ‘क्यू-यू’ वापरतात. त्यामुळे जुन्या नोंदींत शांताराम, शंकर ही नावे ‘एक्स’ने सुरू होतात. आडनावांचे तर उच्चारही बदललेले दिसतात : शेणवीचे ‘सिनाय’, कामतचे ‘कामोतीम’, प्रभूचे ‘पोरोबो’.

समजा, १९३८ साली जन्मलेल्या शांताराम कामत यांची नोंद अशा पोर्तुगीज वळणाने झाली. १९६६ साली जन्मलेल्या त्यांच्या मुलीच्या शालेय दाखल्यावर वडिलांचे नाव इंग्रजी वळणाने आले. विवाहानंतर तिचे आडनावही बदलले. घरातल्यांना व्यक्ती एकच आहे हे ठाऊक असते. कागद मात्र निरनिराळ्या व्यक्ती दाखवतात. मग त्या एकच आहेत हे पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. लिप्यंतराची पद्धत बदलली की एका माणसाचे कागदोपत्री दोन होतात, हे ध्यानात ठेवा.

३. ‘फक्त नोंद’ म्हणजे काय?

बोलताना लोक म्हणतात, ‘आम्ही फक्त नोंद केली आहे.’ या ‘फक्त’ने एक गंभीर प्रश्न झाकला जातो. स्वेच्छेने परकीय नागरिकत्व मिळवल्यास भारतीय नागरिकत्व संपते, असे १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे कलम ९ सांगते. परकीय पारपत्र घेणे हा तर भारतीय नियमांनुसार त्याचा निर्णायक पुरावा ठरतो. लिस्बनमधील जन्मनोंद हेच नागरिकत्व मिळवणे आहे काय, यावर मात्र गोव्यात अनेक वर्षे वाद झाले. या मुद्द्यावरून लोकप्रतिनिधींच्या पात्रतेवरही आक्षेप घेतले गेले.

भारताला दुहेरी नागरिकत्व मान्य नाही. ‘ओसीआय’ कार्डाच्या नावात ‘नागरिक’ हा शब्द असला, तरी ते नागरिकत्व नव्हे. कार्डधारकाला भारतात दीर्घकाळ राहता येते. परंतु मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.

४. समारोप

मुलांच्या शिक्षणासाठी वा रोजगारासाठी कोणी हा मार्ग पत्करला, तर त्याला दोष देण्याचे कारण नाही. मात्र नोंद, नागरिकत्व आणि पारपत्र हे समानार्थी शब्द नव्हेत. स्वाक्षरी करण्यापूर्वी त्या कागदाने आपल्याला काय मिळते आणि आपले काय जाते, हे त्याच्या भाषेतून समजून घेतले पाहिजे. समजत नसेल तर जाणकाराकडून वाचून घेतले पाहिजे. अन्यथा मतदानाच्या दिवशी किंवा वडिलोपार्जित शेताशेजारचा तुकडा घेताना त्या ‘फक्त’चा अर्थ उलगडतो, आणि तेव्हा फार उशीर झालेला असतो.

आपली प्रगती तपासा

१. आपल्या कुटुंबातील एका ज्येष्ठ व्यक्तीच्या नावाची तीन कागदपत्रांवरील रूपे लिहा. त्यांतील फरक ध्वनीचा आहे की लिपीचा, ते सांगा.
२. ‘नोंद’ आणि ‘नागरिकत्व’ यांतील अर्थभेद सोदाहरण स्पष्ट करा.