झोपेची गोळी : तारक आणि मारक

फेफरे आलेल्या मुलाला कांदा किंवा वहाण हुंगविणारी माणसे आजही भेटतात. अशा मुलांना खरा आधार देणारे एक औषध मात्र शंभर वर्षांहून जुने आहे : फेनोबार्बिटोन. १९१२ साली ते जर्मनीत ‘ल्युमिनल’ या नावाने विक्रीस आले. त्याच वर्षी हाउप्टमान या तरुण डॉक्टरांना आढळले की, झोपेसाठी दिलेल्या या गोळीने अपस्माराचे झटकेही कमी होतात. मेंदूतील पेशींची अनावर खळबळ ती शमविते.

परंतु जी खळबळ शमविते, तीच गोळी मात्रा अतोनात वाढल्यास श्वासही थांबविते. मद्याची जोड मिळाल्यास धोका अधिकच. नुसत्या झोपेसाठी रोज घेतली, तर शरीर तिला सरावते, मात्रा चढत जाते आणि सुटका कठीण होते.

उलट चूकही तितकीच घातक. माझ्या वर्गातील एका मुलाच्या वडिलांनी, झटके थांबले म्हणून, गोळ्या एकाएकी बंद केल्या. आठवड्याच्या आत तो फळ्यापुढेच कोसळला; झटक्यामागून झटके येत राहिले. थोडक्यात वाचला.

म्हणून ही गोळी सुरू करणे, वाढविणे वा थांबविणे, तिन्ही गोष्टी डॉक्टरांच्याच सल्ल्याने व्हाव्यात.