आधी कावळा मरतो

जानेवारी २०२१मध्ये बीड जिल्ह्यात, पाटोदा तालुक्यातल्या मुगगावात कावळे मरून पडू लागले. त्याच दिवसांत शेजारच्या परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी सुमारे ८०० कोंबड्या दगावल्या. दोन्हीकडचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. अशा वेळी सगळी चर्चा कोंबडीभोवती फिरते: खायची की नाही, भाव किती पडला, कुणाचं शेड रिकामं झालं. पण या विषाणूचं मूळ घर पाण्यावर आहे, रानबदकांच्या आतड्यात.

तिथे तो बदकाला फारसा त्रास न देता वाढतो. विष्ठेवाटे पाण्यात उतरतो, थंड पाण्यात कित्येक आठवडे टिकतो आणि तेच पाणी पिणाऱ्या दुसऱ्या बदकाच्या पोटात जातो. पक्ष्यांमध्ये त्याच्या ‘एच’ प्रथिनाचे १६ आणि ‘एन’ प्रथिनाचे ९ प्रकार सापडतात. एच५एन१ हे नाव त्यातूनच आलं. हे ‘एच’ प्रथिन ठरावीक जागी कापलं गेल्याशिवाय विषाणूला पेशीत शिरता येत नाही. सौम्य प्रकारात ते कापणारी विकरं मुख्यतः आतड्यात आणि श्वासमार्गात असतात, म्हणून आजारही तेवढ्यापुरताच राहतो. कोंबड्यांच्या दाटीत पसरताना एच५ आणि एच७ या प्रकारांमध्ये ती जागा कधीकधी बदलते, आणि मग शरीरभर आढळणारी विकरं तिला कापू शकतात. मेंदू, काळीज, फुप्फुस, काहीच सुटत नाही. खुराडं दोन दिवसांत ओस पडतं ते यामुळे.

हा जहाल झालेला विषाणू पुन्हा रानपक्ष्यांत परतला, ही गेल्या काही दशकांतली नवी आपत्ती. २००५मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर सहा हजारांहून अधिक पाणपक्षी मेले. त्यांत सर्वाधिक होते पट्टकादंब, म्हणजे हिमालय ओलांडून आपल्याकडे येणारे राजहंस. २०२०च्या अखेरीस हिमाचलातल्या पोंग जलाशयावर पुन्हा त्यांचेच हजारो मृतदेह उचलावे लागले. पट्टकादंबाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये विरळ हवेतला प्राणवायू धरून ठेवणारा एक छोटा बदल आहे. सात हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर उडताना या पक्ष्याची नोंद झाली आहे. असा पक्षी एका विषाणूपुढे मान टाकतो, हे वाचताना मला दर वेळी अस्वस्थ व्हायला होतं.

बीड दुष्काळाचा जिल्हा म्हणून ओळखला जातो, पण हिवाळ्यात त्याच्या पाण्यावर गर्दी असते. सिंदफणेवरचं माजलगाव धरण, धनेगावचं मांजरा धरण, बीडजवळची बिंदुसरा. माजलगावात पैठणच्या उजव्या कालव्यातून नाथसागर जलाशयाचंही पाणी येतं, आणि नाथसागर १९८६पासून पक्षी अभयारण्य आहे. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, वारकरी यांना तालुक्याच्या हद्दी ठाऊक नसतात. काठावर गुरं येतात, गावच्या कोंबड्या चरतात, कावळे मेलेलं उचलतात. विषाणूला पाण्यावरून गावात यायला एवढी वाट पुरते. आजारी किंवा मेलेला पक्षी खाणारा कावळा आपल्या डोळ्यांसमोर मरतो. पाण्यावरचं बदक मेलं तरी बघायला कुणी नसतं.

कावळा मेला की पशुवैद्यकीय दवाखान्यातून साखळी सुरू होते. पशुधन विकास अधिकारी हातमोजे, मास्क, अंगभर किट घालून जातात. पक्षी ताजा असेल तर अख्खाच दुहेरी पिशवीत, बर्फाच्या पेटीत बंद होतो. नसता घशातून आणि गुदद्वारातून कापसाचे बोळे फिरवून नमुना घेतात. पेटी पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात आणि पुढे भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत जाते. तिथे कोविडमुळे घराघरांत पोचलेली आरटी-पीसीआर चाचणी होते. शिवाय नऊ ते अकरा दिवसांच्या, गर्भ धरलेल्या अंड्यात नमुना टोचतात. विषाणू जिवंत असेल तर तो अंड्यात वाढतो, आणि अंड्यातला द्रव तांबड्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतो. कुजलेला पक्षी मात्र या साऱ्याला निरुपयोगी. म्हणून पहिला फोन किती लवकर गेला, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

सगळे मृत्यू फ्लूचे नसतात, हे नोव्हेंबर २०१९मध्ये राजस्थानातल्या सांभर सरोवराने शिकवलं. हजारो पक्षी मेले, पहिला संशय बर्ड फ्लूचा आला, भोपाळने तो नाकारला. इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने कारण शोधलं: बोटुलिझम. हा जिवाणू चिखलात निपचित पडून असतो. पाणी आटलं, ऊन तापलं, प्राणवायू संपला की तो वाढून विष तयार करतो. मेलेल्या पक्ष्यात अळ्या होतात, त्यांच्यात विष साठतं, त्या अळ्या जिवंत पक्षी खातात. विषाने मानेचे स्नायू ढिले पडतात, डोकं वर धरता येत नाही आणि पक्षी वीतभर पाण्यात बुडून मरतो. उपाय एकच: मृतदेह झटपट उचलणं. दर उन्हाळ्यात तळ दिसणाऱ्या आपल्या तलावांसाठी सांभरची गोष्ट फ्लूइतकीच महत्त्वाची आहे.

जिवंत, निरोगी दिसणारा पक्षी तपासायची परंपराही महाराष्ट्राचीच. कर्नाटकात १९५७मध्ये गोचिड्यांतून पसरणारा क्यासनूर जंगल ताप आढळला, तो पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने ओळखला. सैबेरियातून येणारे पक्षी त्याच्या गोचिड्या आणतात का, या प्रश्नावर १९५९पासून पक्षीतज्ज्ञ सालिम अलींच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने (बीएनएचएस) जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने पक्ष्यांच्या पायांत कड्या घालायला सुरुवात केली. बिहारच्या मीरशिकारांचं, म्हणजे पक्षी पकडणाऱ्यांचं पिढीजात कसब त्यासाठी कामी आलं. पक्ष्याला इजा न करता जाळ्यातून सोडवायचं, वजन-पंख मोजायचे, गोचिड्या वेचायच्या, आकडा असलेली कडी अडकवायची, सोडून द्यायचं. थोड्या वेळाचं काम, पण हात शिकलेला लागतो.

तरी बीडमध्ये आजही आपण कावळा मरायची वाट पाहतो. जानेवारी २०२५मध्ये लातूरच्या उदगीरमध्येही कावळ्यांनीच एच५एन१ची वर्दी दिली. तोवर विषाणू येऊन गेलेला असतो. खरं तर त्याला आधी गाठायची सोय आहे. आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते. दुर्बिणी घेऊन माणसं पहाटे धरणावर उभी असतातच. बदकांचा थवा उठून गेला की काठावर ताजी विष्ठा उरते. एकाही पक्ष्याला हात न लावता तिच्यातून विषाणू शोधता येतो. मोजणीच्या त्याच सकाळी माजलगाव आणि धनेगावच्या काठावर पशुसंवर्धन विभागाचा एक माणूस बर्फाची पेटी घेऊन उभा राहिला, तर परळी-केजच्या कुक्कुटपालकाला सावध व्हायला वेळ मिळेल.