दिवाळीचा फराळ आणि तालमीचा नेम

आमच्या गांवाचें नांव वीर. परंतु दसरा उलटल्यावर येथील घराघरांत डोकावणाऱ्यास वीरश्रीपेक्षां तळणाचा वासच अधिक येईल. विजयादशमीस आपण शस्त्रें पुजतों, आणि तेथून नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानापर्यंतचे सुमारें 19 दिवस मुलांच्या लाठ्या खुंटीस टांगून ठेवितों! शस्त्रपूजा म्हणजे शस्त्रांस रजा, असें कोणत्याहि ग्रंथांत आमच्या वाचनांत आलेलें नाहीं.

एकत्र कुटुंबांत दिवाळीचें काम थोडें नसतें, हें खरें. अनारशांचे तांदूळ तीन दिवस भिजवावयाचे, रोज पाणी बदलावयाचें, निथळून ओलसर असतांच कुटावयाचे, गुळांत कालवून गोळे कांहीं दिवस मुरत ठेवावयाचे; तेव्हां कोठें खसखशीवर थापून पहिला घाणा निघतो. चकल्या, शंकरपाळे, चिरोटे निराळेच. शिवाय मुंबईपुण्याच्या लेकीसुनांचे डबे, आणि परदेशीं असलेल्या मुलांच्या पेट्या. त्या तर सणाच्या पुष्कळ आधीं रवाना व्हावयास हव्यात. 1993 सालीं रोह्याहून वीरपर्यंत कोंकण रेल्वे सुरू झाली, तेव्हांपासून पाहुण्यांची ये-जा वाढली, तसे डबेहि वाढले. एवढ्या गर्दींत “चार दिवस व्यायाम राहिला तर काय बिघडलें?” असें वडीलधारीं माणसें सहज म्हणून जातात. आम्हींहि म्हटलें आहे.

गतवर्षीं आमच्या घरीं नात व नातू दोघेंहि लाठी शिकत होतीं. नात त्याशिवाय दोरीचा मल्लखांब करी. दसरा होतांच आम्हीं नातवास बजावलें, “अरे, तालीम चुकवूं नकोस”, आणि नातीस म्हटलें, “बाळे, तूं काकूंच्या हाताखालीं जा.” दोन्ही वाक्यें आम्ही एकाच श्वासांत बोललों. उभा जन्म मुलांच्या चुका काढण्यांत गेला. परंतु ही चूक आमच्या ध्यानांत आली नाहीं. भाऊबीजेनंतर मुलगी दोरीवर चढली, तों अर्ध्यावरच तिची पकड सुटली व ती घसरत खालीं आली. तळहात सोलून निघाले. ती रडली नाहीं. “आजोबा, लाडू मात्र सगळ्यांस आवडले ना?” एवढेंच तिनें विचारलें. पुढें दोन महिने ती दोरीकडे फिरकली नाहीं.

आमचे पूर्वज याविषयीं काय सांगतात तें पाहावें. बलवान व स्निग्ध आहार करणाऱ्यानें शीतकाळीं व वसंतांत अर्ध्या शक्तीनें व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहूनहि थोडा, असें वाग्भटाचें मत आहे. अर्ध्या शक्तीची खूण सुश्रुतांत आहे: श्वास तोंडावाटे येऊं लागला कीं थांबावें. तुपातेलाचें खाणें आणि थंडीची चाहूल हीं दोन्ही दिवाळींतच एकत्र येतात. म्हणजे या दिवसांत पुरी तालीम झाली नाहीं तरी चालेल; परंतु ती तुटूं देऊं नये. आजचे व्यायामशास्त्रज्ञहि हेंच सांगतात. व्यायाम अजिबात सोडला तर दमसास दोन-तीन आठवड्यांतच उतरूं लागतो. उलट आठवड्यांतून एक-दोन वेळां थोडा, परंतु नेटाचा व्यायाम ठेवला तर कमावलेलें बळ टिकतें.

म्हणून यंदा आम्हीं घरांत नेम घातला. सकाळचा पाऊण तास दोन्ही मुलांचा. तेवढ्या वेळांत कढई चुलीवर चढावयाची नाहीं. अनारशांचें पीठ दसऱ्यालगतच करून ठेवावें, कारण तें मुरत असतां हात मोकळे राहतात. तालमीनंतर चकलीचा सोऱ्या नातवानें दाबावा. त्यानेंहि मनगटास व्यायाम होतोच. डबे भरणें, पुड्या बांधणें, पत्ते लिहिणें हें आमच्याकडे. काकूंनीं आपण होऊन यादींतील दोन जिन्नस खोडले, आणि कित्येक वर्षांत प्रथमच त्या दुपारीं घटकाभर आडव्या झाल्या. एक सूचना मात्र करून ठेवितों: तळणाचे तेलकट हात स्वच्छ धुवून कोरडे केल्यावांचून दोरी धरूं नये.

पोलादपूर तालुक्यांतील उमरठ येथें तान्हाजी मालुसऱ्यांची समाधि आहे. मुलाचें लग्न बाजूस ठेवून ते 1670 सालीं कोंढाण्यावर गेले, ही कथा आम्हीं वर्षानुवर्षें शिकविली, आणि ती सांगतांना नेहमीं मुलांच्या बाकांकडे पाहिलें. मुलीहि ऐकत असत. मल्लखांबासाठीं पहिला अर्जुन पुरस्कार 2021 चा. आणि तो मिळाला हिमानी परब या मुलीस! अशी मुलगी ज्या घरांत वाढते, त्या घरांतहि दिवाळी येतच असेल.

तेव्हां वाचकहो, भाऊबीजेस ओवाळणी अवश्य घालावी; परंतु त्याबरोबर बहिणीस तिचा पाऊण तासहि द्यावा, आणि तो वर्षभर मोडूं नये. गेल्या आठवड्यांत आमची नात पुन्हां दोरीच्या टोकापर्यंत चढली. त्या दिवशीं लाडूहि झाले होते. नेहमींपेक्षां थोडे कमी, एवढेंच.